भुऱ्याची न दिसणारी लाथ

गोपालनं मोबाईल नाकासमोर धरला तेव्हा युनूसभाई पाण्याच्या पंपाच्या जळक्या मोटारीतून तांब्याची तार उपसत बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तरी त्यांनी भुऱ्याला ओळखलं. न ओळखून करतात काय? एके काळी सहा वर्षं रोज सकाळी त्याच्या तोंडावरची धूळ पुसल्याशिवाय त्यांनी दुकान उघडलं नव्हतं.

"पिक्चर आला ना युनूसभाई! आपल्या मारामारीवर," गोपाल म्हणाला. "पुरा कंप्युटरवर बनवला. हिंदीत हाये. यवतमाळले लागला. रविवारी जाऊन राह्यलो आपण, तुमचं बी तिकीट काढलं."

"मले कायले नेता आता या वयात?"

"वा! पेटी तुमची, अन् तुमालेच सोडून जाऊ? भुऱ्याची विद्या मोठ्या पडद्यावर कशी दाखवते ते पाहू ना. आंधळ्या बी येते."

आंधळ्या म्हणजे पियुष. त्याचं नाव निघालं आणि युनूसभाई पुन्हा तारेकडं वळले, जणू तिच्यासारखं महत्त्वाचं काम नेरमध्ये दुसरं नव्हतंच.

ही भानगड पहिल्यापासून सांगायला हवी. पंचवीस वर्षांपूर्वी युनूसभाईंनी नागपूरहून व्हिडिओ गेमची एक जुनी पेटी आणली आणि आपल्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात कोपऱ्याला उभी केली. कपाटाएवढी उंच, दोघांना खेळायला दोन दांडे आणि खाली बटणं. नाणं टाकलं की दोन लढवय्ये समोरासमोर. खेळाचं खरं नाव पेटीच्या कपाळावर परदेशी भाषेत लिहिलेलं होतं, पण ते वाचायची तसदी नेरच्या एकाही पोट्ट्यानं घेतली नाही. त्यांनी त्याला मारामारी म्हटलं, पिंगट केसांच्या लढवय्याला भुऱ्या म्हटलं, वेणीवालीला मास्तरीण म्हटलं आणि विषय संपवला. या खेळाचे पुढं जगात नऊ भाग निघाले म्हणे. नेरात पहिला आला आणि पहिलाच राहिला. दुकानाचा कायदा एकच होता, एकाचा गडी दुसऱ्यानं घ्यायचा नाही. भुऱ्या गोपालचा, मास्तरीण पियुषची.

पेटी आणली त्या रात्रीच युनूसभाईंना दिसलं, की पडद्यावरची चित्रं थरथरतात. मागची फळी काढली तर आतल्या सर्किटच्या पाटीवर एका चिपचा पाय सैल होता. सोल्डर करायला गेले आणि तापलेली दांडी हवी त्यापेक्षा जास्त वेळ टेकली. मोटारीच्या तारेला चालतं ते चिपला चालत नाही, हे त्यांना त्या रात्री कळलं. चित्रं थरथरायची थांबली खरी, पण भुऱ्यानं लाथ उचलली की भुऱ्याच पडद्यावरून नाहीसा व्हायचा. पापणी लवेपर्यंत जागा रिकामी, आणि समोरचा धाडकन आडवा.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. पहिला आडवा झाला तो पियुष. चौदा वर्षांचं पोरगं, पण हाताची चपळाई अशी की बघत राहावं. तो सरळ बोलला, "युनूसभाई, मशीन बिघडेल हाये. याची लाथ दिसून नाही राह्यली."

दुकानात वीस पोट्टे रांगेत उभे, नारळाचे तुकडे अजून तबकात. बिघडली म्हणावं तर नागपूरवाला हात वर करणार, कारण फळी युनूसभाईंनीच उघडलेली. आणि युनूसनं हात लावला आणि वस्तू बाद झाली, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात. माणूस ठरवून थोडंच खोटं बोलतो, बहुतेक वेळा घाईत बोलतो. युनूसभाई म्हणाले, "मशीनले काही नाही झालं. त्याची ते विद्या हाये. ज्याची नजर तेज, त्याले लाथ दिसते."

"मले दिसते!" गोपाल लगेच म्हणाला. सोळा वर्षांचा होता, त्यात भुऱ्या त्याचा. मग मागचा म्हणाला, मले बी. मग त्याच्या मागचा. पाच मिनिटांत अख्ख्या नेरला लाथ दिसू लागली. एकटा पियुष पडद्याला नाक लावून बसला आणि शेवटी म्हणाला, "मले नाही दिसत." वीस जणांत खरं बोलणारा एक निघाला, आणि नाव पडलं ते त्यालाच. आंधळ्या.

एवढ्यावर थांबतं तर पोरखेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण गोष्ट पियुषच्या वडिलांच्या, सदाशिवरावांच्या कानावर गेली. त्यांचे एक चुलते रातांधळे होते आणि अंधारात विहिरीत पडून गेले होते. सदाशिवरावांनी पोराला यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. सदाशिवराव म्हणाले, वीस पोरांना दिसतं ते याला दिसत नाही आणि म्हणे उत्तम! त्यांनी आणखी दोनदा नेलं. हिवाळाभर गाजरं आणि शेवग्याचा पाला खाऊ घातला, आणि दिवेलागणीनंतर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा दंडक घातला.

दंडक हळूहळू पोराच्या अंगात मुरला. संध्याकाळी पियुषला सगळं दिसायचं. पण आपल्याला जे दिसत नाही, ते दिसत नाही हे आपल्याला कळणार कसं? या शंकेला जगात औषध नाही. पुढं तो ट्रॅक्टर चालवायला शिकला, मोठ्या गाडीचं लायसन काढलं, एसटीत ड्रायव्हरची भरती निघाली तेव्हा फॉर्म भरला. आणि भरलेला फॉर्म स्वतःच्या हातानं फाडला. "रातच्या गाडीत पन्नास माणसं बसतीन," तो म्हणाला, "अन् मले एखांदी गोष्ट नाही दिसली तं?" आज चाळिशी आली तरी सूर्य कलला की तो ट्रॅक्टर शेताच्या धुऱ्याला उभा करून पायी घरी येतो. लग्नाकार्याला जायचं तर पंधरा वर्षांच्या भाच्याच्या मागं मोटरसायकलवर बसून जातो.

हे सगळं युनूसभाईंना माहीत होतं. पेटी कधीच भंगारात गेली, पोट्टे बाप झाले, काही पुण्या-नाशकाला पांगले. आज सांगू, उद्या सांगू करता करता पंचवीस वर्षं गेली, आणि दर वर्षी सांगणं जास्तच जड होत गेलं. त्यांना भीती कशाची होती, तेही सांगून टाकतो. युनूसभाई मोटारीचा शाफ्ट हातानं एकदा फिरवतात, वास घेतात आणि म्हणतात, "वाइंडिंग गेली." शेतकरी मान हलवतो, मोटार टाकून जातो. खोलून दाखवा असं कोणी म्हणत नाही. सगळं दुकान या मान हलवण्यावर उभं आहे. एका चिपपायी तोंडावर खोटं बोलणाऱ्याच्या नाकावर मग कोण भरवसा ठेवील?

पण आता भुऱ्या स्वतःच चालून आला होता. मोठ्या पडद्यावर लाथ मारणार, आणि ती सगळ्यांना दिसणार. पियुषला हे पिक्चरनं सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. रविवारी पडदा उजळायच्या आत सांगायचं, असं युनूसभाईंनी ठरवलं.

रविवारी दुपारी गोपालची गाडी निघाली. गोपाल चालवायला, शेजारी त्याची मुलगी सुरभी, ती यवतमाळला कॉलेजात शिकते. मागं युनूसभाई आणि पियुष. पियुषनं डबाभर उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. तो एकेक सोलून दाणे युनूसभाईंच्या हातावर ठेवत होता, आणि ते खात होते. ज्याच्या हातचं खातोय त्याला, बाबा रे, मी तुझं वाटोळं केलं, असं सांगायचं कसं?

अर्धा रस्ता गेल्यावर त्यांनी घसा साफ केला. "पियुष, तुले एक गोष्ट सांगाची होती."

"सांगा ना."

"ते..." युनूसभाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. वेचणीला आलेली कपाशीची पराटी दोन्ही बाजूंनी पळत होती. "तुह्या विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व बदलून घे. लीक मारते तो."

"घेतो," पियुष म्हणाला आणि आणखी एक शेंग सोलली. यवतमाळ येईपर्यंत युनूसभाईंनी फुटव्हॉल्वबद्दल इतकं काही सांगितलं, की कंपनीच्या माणसानंही सांगितलं नसतं.

पिक्चर चांगला होता की वाईट, ते जाणकारांनी ठरवावं. कंप्युटरनं भुऱ्याचा केसन् केस वेगळा काढला होता, कपाळावरचा घाम खरा वाटत होता. त्याला एक म्हातारी आई दिली होती, एक डोंगर दिला होता, आणि त्या डोंगरावर बसून तो जरा जास्तच बोलत होता. गोपाल अस्वस्थ. "मारामारी कधी लागते बे?" असं तो दर पाच मिनिटांनी विचारत होता. शेवटी लागली. काळ्या झग्यातला गडी समोर, भुऱ्या मागं सरकला, आणि गोपालनं पियुषच्या मांडीवर थाप मारली. "पाह्य आता, गायब होते."

भुऱ्या गायब झाला नाही. त्यानं डावा पाय उचलला. तोही सावकाश, इतका सावकाश की तळव्याला चिकटलेली माती सुटून खाली पडताना दिसली. मग लाथ बसली. एकदा नाही, तीनदा, आणि तिन्ही वेळा दिवसाउजेडी दिसावी तशी.

"चूक हाये हे!" गोपाल उभाच राहिला. मागून कोणी ओरडलं, "बस ना भाऊ!" पियुष मात्र तोंड उघडं टाकून पडद्याकडं बघत होता. युनूसभाई बघत होते पियुषकडं, आणि बाकीचा पिक्चर त्यांना कोणी विचारला तर सांगता येणार नाही.

बाहेर आले तेव्हा उन्हं उतरली होती. समोरच्या टपरीवर चहा घेताना गोपालचा राग उतू जात होता. "एवढा पैसा टाकला, अन् माहिती नाही का त्याइले? भुऱ्याची जान त्या विद्येत हाये. तेच काढून टाकली!"

सुरभी मोबाईलवर काही बघत होती. "बाबा, असं काही नाहीच आहे. इथं त्याच्या सगळ्या चालींची यादी आहे, पहिल्या भागापासून. तो कुठंच गायब होत नाही."

"ते मोबाईलवाले काय जाणते? हे बसले युनूसभाई. सहा वर्ष पेटी सांभाळली त्याइनं. सांगा हो हिले!"

तिघांनी युनूसभाईंकडं पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गोपालनं पिक्चरवाल्यांना आणखी चार शिव्या दिल्या असत्या, सुरभीनं मोबाईल पर्समध्ये टाकला असता, आणि खोटं आणखी पंचवीस वर्षं सुखानं जगलं असतं. मान जराशी हललीही.

तेवढ्यात पियुष म्हणाला, "जाऊ दे ना गोपालभाऊ. पिक्चरवाल्यानं बरं केलं. माह्यासारख्या कमी नजरवाल्याले बी दिसन, असं बनवलं. जिंदगीत पह्यल्यांदा लाथ दिसली मले." आणि तो हसला. अगदी मनापासून, कोणी आपली आठवण ठेवल्यावर माणूस हसतो तसा.

युनूसभाईंची मान थांबली. फटके खाल्ले असते तर बरं, पण हे हसू त्यांना सोसेना.

"तुही नजर कमी नाही," ते म्हणाले. ग्लास त्यांनी खाली ठेवला. "ते लाथ कोणालेच दिसत नव्हती, पियुष. विद्या-गिद्या काही नव्हती. चिप माह्या हातानं जळाली होती. तू पह्यल्याच दिवशी बराबर बोल्ला होता, अन् मी खोटं बोल्लो."

"मजाक करून राह्यले," गोपाल म्हणाला.

"मजाक नाही."

"पण मले तं दिसे ना!"

"काय दिसायचं बाबा?" सुरभीनं विचारलं. "कोणता पाय?"

"उजवा," गोपाल म्हणाला, आणि मग त्याला मघाचा पडदा आठवला असावा. त्यानं चहाचा घोट घेतला. ग्लास रिकामा होता, तरी घेतला.

पियुषचं हसू अजून तोंडावर तसंच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं. त्यानं विचारलं, "बाबांनी मले डॉक्टरकडे नेलतं, ते तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"एसटीचा फॉर्म फाडला, ते?"

"ते बी मालूम होतं."

आपण घाबरलो होतो, दुकान नवं होतं, असं बरंच काही युनूसभाईंच्या जिभेवर आलं. पण त्यांनी ते गिळलं, आणि त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखी त्या दिवसातली ही एकच गोष्ट आहे. पियुषनं ग्लास विसळून टपरीच्या फळीवर पालथा घातला आणि गोपालपुढं हात केला.

"चाबी दे."

"आता? अबे, दिवस बुडून राह्यला, तुले..." गोपालचं वाक्य तिथंच अडकलं. त्यानं खिशातून चावी काढली आणि दिली.

पियुष गाडी चालवायला बसला. सुरभी पुढं, गोपाल आणि युनूसभाई मागं. शहराबाहेर पडेपर्यंत उजेड होता, मग तो गेला. पियुषनं दिवे लावले. दोन्ही हातांनी त्यानं स्टिअरिंग असं धरलं होतं, की मागून त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. आणि तो बोलायला लागला.

"मैलाचा दगड," तो म्हणाला. "बाभूळ. पुलाचा कठडा, एका बाजूनं तुटेल हाये."

गोपालनं युनूसभाईंकडं पाहिलं. पियुष कोणाशी बोलत नव्हता. जे दिसत होतं ते एकेक मोजून घेत होता. "कपाशीचा ट्रॅक्टर, मागचा लाइट बंद. कुत्रं. काळं हाये." मग जरा दबकत, "हाये ना, सुरभी?"

"हो काका, काळंच आहे. मलाही दिसलं."

पुढं एका वळणावर त्यानं आधीच वेग कमी केला. गोपाल म्हणाला, काहून थांबून राह्यला, आणि तेव्हा त्याला ती दिसली, कंदील नसलेली बैलगाडी, वर तुराट्यांचा भारा. पियुषला ती कधीचीच दिसली होती. त्यानं दिवे खाली केले, बैल बुजू नयेत म्हणून हॉर्न न वाजवता बाजूनं गाडी काढली, आणि त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. हुंदका होता की हसू, ते मागच्यांना कळलं नाही. युनूसभाई सीटच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. त्यांच्या शर्टावर दुपारच्या शेंगांची सालं अजून चिकटलेली होती.

साडेसहाला नेर आलं. बसस्टँडसमोर युनूसभाईंच्या दुकानाशी पियुषनं गाडी उभी केली. सगळे उतरले, तो उतरला नाही. युनूसभाई त्याच्या खिडकीशी गेले. माफी मागायची होती.

"पियुष..."

"तुमची उद्घाटनाची इज्जत वाचली, युनूसभाई," पियुष म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "अन् मी पंचवीस वर्ष दिवेलागणीले घरी बसलो. बाबा मरतानी माह्या पोट्ट्याले सांगून गेले, बापाचा हात धरत जा रे, संध्याकाळ झाली का."

युनूसभाईंनी खिडकीच्या काचेवर ठेवलेला हात काढून घेतला.

पियुषनं गाडी वळवली. पण घराकडं नाही. ती बसस्टँडपुढून दारव्हा रोडला लागली आणि सरळ निघाली. मागचे दोन तांबडे दिवे लहान लहान होत गेले.

"अबे, माही गाडी!" गोपाल चार पावलं मागं धावला आणि थांबला. "कोठी चालला हा?"

"जाऊ दे त्याले," युनूसभाई म्हणाले. "एक चक्कर मारीन अन् येईन. आणून देते तो गाडी."

गोपाल वळला. लहानपणापासून त्यानं युनूसभाईंच्या तोंडचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता, न दिसणारी लाथसुद्धा पाहिली होती. त्यानं म्हाताऱ्याला नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "कशावरून?"

युनूसभाई दुकानाच्या पायरीवर बसले आणि दारव्हा रोडकडं बघत गाडी परत यायची वाट पाहू लागले.